दीपस्तंभामागची जागा

इचलकरंजीतल्या त्या शेडमध्ये यंत्रमागांच्या जागी आता संगणक होते. छताच्या लोखंडी कैच्यांना मात्र सुताची पांढरी लव अजून चिकटलेली होती. उत्तरा दारातच थांबली. तिच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली एक जुनी डिस्क होती. वडिलांच्या संगणकातली. वडील जाऊन आठ महिने झाले होते.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवायला आलेले नाही," ती म्हणाली.

"बसा तरी, मॅडम," तबस्सुम मुल्लाणी हसली. "अविश्वास बसूनही ठेवता येतोय."

‘सागरमंडळ’ हा ऑनलाइन खेळ बंद पडून अकरा वर्षं झाली होती. कंपनीने सर्व्हर पुसून टाकला. त्यानंतर पाच जणांनी तोच खेळ नव्याने आणायची घोषणा केली, देखण्या चित्रफिती दाखवल्या आणि ते गप्प झाले. तबस्सुम आणि भरतेश मगदूम ही सहावी जोडी. उत्तरा अभिलेखागारात डिजिटल कागदपत्रांची पडताळणी करायची. तिने आधीच्या पाचही जणांना विचारलेला प्रश्न याही दोघांना विचारला.

"वाकेरी बंदरातल्या दीपस्तंभाच्या मागे काय होतं?"

आधीच्यांपैकी कुणी विहीर सांगितली होती, कुणी गुहा. एकाने ‘तुमच्यासाठी गंमत’ असं लिहिलं होतं.

भरतेशने पडद्यावर शोधून पाहिलं. "ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"चारशे अकरा खेळाडूंच्या डिस्क आल्यात आमच्याकडं. एकानंही तिथं बघितलेलं नाही. स्तंभ पुढनं आहे, मागनं नाही. कायतरी ठोकून द्यायला येतंय की. पण मग ते सागरमंडळ कसलं?"

उत्तरा खुर्चीवर बसली.

"डिस्कमधून जग कसं परत येतं?"

"त्या वेळी नेट हळू होतं," तबस्सुम म्हणाली. "म्हणून सर्व्हर अख्खं जग पाठवायचाच नाही. खेळाडू जिकडं बघेल तेवढंच पाठवायचा. जितका जास्त वेळ बघाल, तितकं बारीक. तीच गोष्ट पुन्हा मागवायला लागू नये म्हणून ती हालचालींसकट खेळाडूच्या डिस्कवर साठायची. आम्ही त्याला दृष्टिसंचय म्हणतो. सगळ्यांचे दृष्टिसंचय एकमेकांना जोडत जायचं."

"आणि जे कुणी पाहिलंच नाही?"

"ते गेलं."

उत्तराने टॉवेल उलगडला. "स्तंभामागे वाळूची एक लहानशी पुळण होती. शिक्षणासाठी मी पुण्याला गेले, तेव्हापासून दर रविवारी बाबा आणि मी तिथे भेटायचो. सहा वर्षं. मी शिंपले गोळा करायची, त्यांची अदलाबदल करून होड्या मिळवायची. बाबा नुसते स्तंभाला टेकून उभे. सहा वर्षांनंतरही खेळाच्या पहिल्याच पायरीवर! मी चिडायची, ‘बाबा, खेळा की जरा.’ ते म्हणायचे, ‘तू खेळ. मी आहे.’"

भरतेशने डिस्क हातात घेऊन कानाशी हलवली. "ही एकदाच फिरेल. पुढचं सांगता येत नाही."

"त्यांचे गुडघे गेले होते. खेळात मात्र ते माझ्या नजरेच्या कडेला ताठ उभे असायचे, खांद्यावर हिरवा पंचा. मला त्यांना एकदा तसं नीट पाहायचं आहे. बाकी काही नको."

"तुमची स्वतःची डिस्क?" तबस्सुमने विचारलं.

"नोकरी लागल्यावर नवा संगणक घेतला. जुना भंगारात दिला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ताई, मग एक सांगायला पाहिजे—" भरतेश म्हणू लागला.

"बिघडली तर बिघडू दे," उत्तरा म्हणाली. "लावा."

डिस्क चाळीस मिनिटं कुरकुरत फिरली आणि थांबली. पुन्हा सुरू झाली नाही. पण सगळं उतरून आलं होतं. भरतेशने तिच्या डोळ्यांवर खेळातलं जग भोवती दाखवणारा नेत्रपट चढवला.

बंदर धुरकट होतं. आभाळ म्हणजे निळसर डाग. डावीकडे समुद्र असावा, पण त्याला लाटा नव्हत्या. आणि या सगळ्या पुसटपणात एक मुलगी वाकून शिंपले वेचत होती. तिच्या ओढणीच्या काठावरचा टाका न् टाका दिसत होता. टाचेला चिकटलेली वाळू दिसत होती. शिंपला सापडला की ती आधी तो कानाला लावायची, मगच परडीत टाकायची. कधी काळी उत्तराने स्वतःसाठी हे पात्र यादीतून घाईघाईने निवडलं होतं. त्याला बाहेरून तिने कधी पाहिलं नव्हतं.

तिने मान वळवली. मागे काहीच नव्हतं, करडा रंग. उजवीकडे करडा. खाली पाहिलं, पायही नव्हते.

"बाबा कुठे आहेत?"

भरतेश तिच्या खुर्चीजवळ आला.

"ताई, खेळाडूला स्वतःचं पात्र दिसायचं नाही," भरतेश हळूच म्हणाला. "तेच मघाशी सांगणार होतो. ते कुठं उभे होते, तर तुम्ही आत्ता जिथं उभ्या आहात तिथंच. त्यांना बघायचं तर समोरच्या मुलीच्या डिस्कमधनं."

उत्तरा पाहत राहिली. मुलगी वाकत होती, उठत होती, कानाला शिंपला लावत होती.

"ही नोंद किती वेळाची आहे?"

"नऊशे तास. सगळी हिचीच."

"कधी मागे वळते? बाबांकडे?"

कळफलकाचा आवाज आला, थांबला. "सात वेळा. दर वेळी होड्यांकडं बघते."

बऱ्याच वेळाने तबस्सुम जवळ आली. "नव्या खेळात हिला ठेवू का आम्ही? वाटलं तर मागं वळून बघेल असं करता येईल. दोन ओळींचं काम आहे."

"ठेवा," उत्तरा म्हणाली. नेत्रपट तिने काढला नाही. "पण वळवू नका. तिने त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं."