सांधा दिसायचा नाही

डोक्यातली जागा काढून यंत्राला द्यायची, याचं कोल्हापुरात आता कुणाला नवल उरलेलं नाही. सोनार देतात, शिंपी देतात, चित्रकार तर देतातच. पण शेवंताक्का आणि कालिंदी या दोन जावांनी दिली तेवढी जागा कुणी दिली नव्हती. असल्या बायका आमच्याच गावात निघायच्या, दुसरीकडे शोधून दाखवा!

चाळीस वर्षं दोघी मिळून मोठमोठे फलक रंगवत आल्या. थोरली डावीकडून सुरू करायची, धाकटी उजवीकडून, आणि बरोबर मधोमध दोघी भेटायच्या. मग रस्ता ओलांडून समोरून निरखायचं. सांधा दिसला नाही, तरच दोघींनी एकेक बोट रंगात बुडवून कोपऱ्यात ठसा उमटवायचा. हीच त्यांची सही. एकदा एका मंडळानं बाहेरून छापून आणलेल्या फलकावर नुसते ठसे मागितले, तर शेवंताक्कांनी त्यांना दारातूनच पिटाळलं होतं.

आता काम आलं होतं तालमीच्या भिंतीचं. तीनशे फूट लांब, उजेडाचं हलतं चित्र. दोन पैलवान पोरी झुंजताहेत आणि त्यांची पकड अगदी मधोमध. एवढ्या चित्राला कॉम्प्युटरची मेमरी किती घ्यायची, हे ठरवायला डॉक्टर अर्शिया मुल्ला घरी आली. ती मेंदूशास्त्राची संशोधक, पण याच गल्लीत वाढलेली.

"मावशी, गोदाम वेगळं आणि कामाचं टेबल वेगळं," ती सांगू लागली. "चित्र साठवायला यंत्रात जागा रग्गड आहे. पण रंगवताना समोर जे पसरायचं, ते टेबल म्हणजे मेमरी. टेबल लहान असलं की तुकड्यातुकड्यानं काम करावं लागतं."

"म्हंजे सांधा येनार."

"अगदी बारीक."

"बारीक सांधा आन् मोठा सांधा असं काय असतंय व्हय?" शेवंताक्का फणकारल्या.

एवढी हलती चित्रं साध्या चिपांना पेलेनात, तेव्हा शास्त्रज्ञांनी स्मृतिपाटी काढली. पाटी म्हणजे काचेच्या डबीत वाढवलेली मेंदूपेशींची चकती. कोरी पाटी नुसती पडून राहते. तिला चित्र यायला हवं, तर चित्रकाराची आठवण तिच्यात उतरवावी लागते. आणि आठवणीची नक्कल होत नाही. रोप उपटून दुसरीकडे लावावं, तशी ती इथून निघते आणि तिथे रुजते.

"पाट्या दोन मापांत येतात, लहान बत्तीसची आणि मोठी चौसष्टची, आणि त्या जोडीनंच लागतात," अर्शिया म्हणाली. "बत्तीसच्या जोडीला तुमची रंगकामाची मागची वीस वर्षं जातील. चौसष्टच्या जोडीला सगळीच. घर, माणसं, सणवार, एकमेकी, सगळं आठवेल. पण ब्रश कधी हातात धरला होता, हे आठवणार नाही."

"बत्तीसमध्ये सांधा येतोय?"

"येतो."

शेवंताक्कांनी कालिंदीकडे बोट केलं. "मग माझी चौसष्ट घे आन् हिची बत्तीस. हिच्या हातात अजून लई काम हाय."

"बेजोड पाट्या चालत नाहीत, मावशी. यंत्र दोन्ही एकदम वाचतं. एक लहान असली, तर दुसरीलाही लहानीच्या बेतानं चालावं लागतं."

"आक्का, चाळीस वर्सं बरोबरीनं शिडी चढलो," कालिंदी चिडून म्हणाली. "आता मलाच खाली उभी करताय व्हय?"

शेवंताक्कांचे डोळे भरून आले. त्यांनी पदरानं पुसले. "बरं बाई. चौसष्टचीच जोडी लाव, पोरी. पर ठसा आमचाच पायजे."

दोघींनी कागदावर कच्चं चित्र काढून दिलं, संमतीच्या कागदावर सह्या केल्या, आणि मग पाट्या भरल्या.

महिन्याभरानं भिंत उजळली. सगळी पेठ लोटली होती. दोघी जावा गर्दीतून निघून थेट रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. समोर पोरींची पकड सुटत होती, पुन्हा बसत होती. सांधा कुठेच नव्हता.

"काय काम हाय, कालिंदी! कोल्हापूरच्याच मानसाचं असनार," शेवंताक्का ताठ मानेनं म्हणाल्या. "दुसऱ्याला हे जमायचं न्हाई."

अर्शिया रंगाची वाटी घेऊन आली. तिनं सगळं समजावलं, संमतीचा कागद दाखवला. दोघींनी तो नीट वाचला.

"सही माझीच दिसतीया," शेवंताक्का म्हणाल्या. "तू खोटं बोलनार न्हाईस, ते बी ठावं हाय. पर मला आठवत न्हाई, ते माझं कसं म्हनू?"

"मावशी, चाळीस वर्षं तुमची गेली यात! एक बोट लावा फक्त."

कालिंदीनं वाटी हातानं बाजूला सारली. "दुसऱ्याच्या कामावर ठसा? ते आमच्या घरात बसत न्हाई."

अर्शियाला रडू फुटलं. शेवंताक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नगंस. ज्यानं केलंय त्याला शोध," त्या म्हणाल्या. "एवढं काम केलेलं मानूस सही केल्याबिगर ऱ्हायचं न्हाई."