राबावरची लाल झेंडी

लाल झेंडी दिसली आणि मी जागच्या जागी थांबले.

एप्रिलातला रविवार होता, १९९८ सालचा. खर्डी स्टेशनच्या मागे आमची भाताची खाचरं, कापणीनंतर उघडी पडलेली. गुरांना पाणी पाजून मी परतत होते. बघते तर काय, आमच्या राबाच्या मधोमध झेंडी रोवलेली! एकजण पावलं मोजतोय, एकजण वहीत लिहितोय, तिसरा उकिडवा बसून काठीनं नेम धरतोय... मोजणीवाले! आमच्याकडे धरण म्हणा, रस्ता म्हणा, कुठलंही संकट आधी झेंडी घेऊनच येतं. मी धावत गेले, झेंडी उपटली आणि बांधापलीकडे भिरकावली.

"जमीन आमची हाय! नोटीस कुठंय?"

नेम धरणारा उठून उभा राहिला. उंच, सावळा, गालाला राख लागलेली.

"नोटीस... कसली नोटीस? आमी खेळतोय."

"काय खेळताय?"

"गोल्फ."

हा दीपेश. मुरबाडला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला होता. त्याचे मोठे साहेब रिटायर होताना चार जुन्या काठ्या नि पिशवीभर पांढरे चेंडू त्याला देऊन गेले होते. तेव्हापासून दर रविवारी तो आणि त्याचे दोन मित्र, रिक्षावाला अनिल आणि पोस्टातला दामू, रिकाम्या खाचरांतून खेळत हिंडायचे. मैदान नव्हतं, गवत नव्हतं. वनस्पती तुपाचे डबे जमिनीत पुरले की झाली भोकं तयार.

"राबावर बूट घालून?" मी ओरडले.

"राब म्हणजे... ही काळी जागा? मला वाटलं, एवढी सपाट, एवढी मऊ... चेंडू काय सुंदर घरंगळंल!"

शहापूरच्या बाजारपेठेत वाढलेला हा माणूस. भात त्यानं फक्त पोत्यातलं पाहिलेलं. शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून, वर माती टाकून जमीन भाजतात आणि पावसाच्या तोंडावर तिथंच भाताचं बी पेरतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. अनिल खर्डीचाच, त्याला सगळं ठाऊक होतं. पण तो त्या वेळी मोठ्या निष्ठेनं आभाळाकडे बघत होता.

बाबा आले. राबाच्या पोटात पुरलेला डबा त्यांनी पाहिला, बुटांचे ठसे पाहिले, उधळलेली राख पाहिली. आरडाओरडा नाही की काही नाही.

"राब मोडला ना? मग घाला परत."

पुढच्या रविवारी तिघंही आले. दहा वाजता अनिलला भाडं मिळालं. अकरा वाजता दामूची पाठ धरली. उरला दीपेश. टहाळाचे भारे वाहून त्याच्या तळहाताला फोड आले, तरी गडी हटला नाही. संध्याकाळी राब पेटवला तेव्हा वाऱ्याची दिशा न बघताच वाकला... आणि अर्धी भुवई गमावून बसला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, पण हसू काही आवरेना.

"हसू नका ना."

"अर्धी भुवई गेली तुमची."

"वाढंल ना परत?"

"राबातली राख लावा. भातासारखी तरारंल."

तोही हसला. त्या काळवंडलेल्या चेहऱ्यात ते पांढरे दात... छे, मी तिथंच फसले, खोटं कशाला बोलू!

मग रविवार म्हणजे रविवारच झाला. राब सोडून खेळायचं, या अटीवर बाबांनी परवानगी दिली. दीपेशचा फटका लांब जायचा, पार ओढ्यापर्यंत. पण शेवटचा चेंडू मात्र फिरून-फिरून आमच्या विहिरीजवळच्या जांभळाखाली यायचा.

"त्या जांभळाला लोहचुंबक लावलंय का रे?" अनिल विचारायचा. दामू वहीत फटके मांडता मांडता खाकरायचा.

दीपेश मला शिकवायला लागला, तेसुद्धा त्याच जांभळाखाली.

"खांदे सैल सोडा... नजर चेंडूवर."

"माझी चेंडूवरच हाय. तुमची कुठंय?"

त्याचे कान लाल व्हायचे. आणि मी मारलेला चेंडू खुशाल डब्यात जाऊन पडायचा!

मे महिन्यात किन्हवलीचं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक, माणसं चांगली. बघून गेले आणि मी पसंत पडले. बाबा म्हणाले, "घाई नाय. आवण काढायच्या आत कळवू." आवण म्हणजे राबात वाढलेली भाताची रोपं. ती उपटून लावणीला निघाली की माझाही निकाल लागणार होता. मला किन्हवली नको होती. मला अर्ध्या भुवईचा हा माणूस हवा होता. पण त्यानं तोंड उघडायला नको?

शेवटी मीच विषय काढला. तो जांभळाखाली चेंडूसमोर उभा होता. डबा जेमतेम हातभर लांब.

"किन्हवलीच्या लोकांना... मी पसंत हाय."

त्यानं मारलं. चेंडू डब्याच्या कडेनं निघून गेला, थेट विहिरीच्या काठापर्यंत. हातभर अंतरावरून चुकलेला दीपेश मी पहिल्यांदाच पाहिला.

"चांगलं..." तो म्हणाला, "चांगलंच हाय की." आणि काठ्या पिशवीत भरायला लागला.

त्या दुपारी विहिरीवर बसून मी पोटभर रडले.

जूनमध्ये राबात पेरणी झाली आणि खेळ बंद पडला. रविवार यायचे, रिकामेच जायचे. दीपेशनं घातलेला राब मात्र असा हिरवागार उठला, की येणारा-जाणारा थांबून बघायचा. मला तिकडे बघवत नव्हतं. एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "परवा आवण काढायचं, अक्षदे. किन्हवलीला काय कळवू?"

"परवाच सांगते," म्हटलं. आणि सकाळी स्टेशनवर जाऊन अनिलची रिक्षा गाठली. "दीपेशना सांगा, बाबांनी बोलावलंय. ज्यानं राब भाजला, त्यानंच आवणाला पहिला हात लावायचा. आमच्यात रीत हाय तशी."

अनिल माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं रिक्षाला किक मारली.

तिसऱ्या दिवशी भुरभुर पावसात तो आला. बांधावर थांबला, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अनवाणी राबात उतरला.

"काका, तुमी बोलावलंत. रीत हाय म्हणून आलो."

बाबा आवणाला वाकणारच होते, ते सरळ झाले. "रीत? कसली रीत?"

मी मान खाली घातली. रीत कसली, काल-परवा मीच घरात बसून रचलेली!

"राब भाजणाऱ्यानं... पहिला हात लावायची," दीपेश चाचरला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हां... ती होय! हाय, हाय. लाव हात."

तो माझ्या शेजारी येऊन वाकला. त्याला उपटलेल्या रोपांची धड मूठ बांधता येत नव्हती. मी बांधून दाखवली.

"त्या दिवशी चुकलो मी," तो हळूच म्हणाला.

"बघितलं मी. हातभरावरून."

"चेंडूचं नाय म्हणत. चांगलं हाय म्हणालो ना... ते खोटं होतं. अक्षदा, किन्हवलीला नाय सांग. मला तू पायजेस."

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. मी चिखलाच्या हातानं त्याची भुवई पुसली, ती आता पुरती उगवली होती.

"अक्षदे," बाबा पाठमोरेच म्हणाले, "किन्हवलीला मी कळवतो. आणि त्याला सांग, मुठी लय सैल बांधतोय."

या गोष्टीला दहा वर्षं झाली. दीपेश, अनिल आणि दामू अजून रविवारी खेळतात. अनिलचं पोट सुटलंय, दामू अजून फटके मांडताना लबाडी करतो, आणि राबाजवळ आलं की तिघंही गपगुमान बूट काढतात.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या धोंडीबाईनं तिच्या नव्या जावयाला आवण काढायला बोलावलं. "राब तुमी भाजलात, पहिला हात तुमचाच. जुनी रीत हाय आमची."

"लय जुनी," दीपेशनं त्याला गंभीरपणे समजावलं. "मी पण पाळली होती."

ती रीत मीच रचलेली, हे दीपेशला अजून ठाऊक नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून मूठ बांधत होते, आणि त्यांचे खांदे हसण्यानं गदगदत होते.