वांग्यांचे राखणदार

वाऱ्याने धनसिंगचा सदरा उडवला आणि नेमका शेजारच्या परसात नेऊन टाकला. धनसिंग कुडाच्या फटीतून आत शिरला आणि थेट एका जाळ्यात तोंड घालून बसला.

“थांबा! हलू नका!... मोडलंत ना त्याचं घर!”

वांग्यांच्या झाडांमागून कुंदा उठली. हातात खुरपं, कपाळावर मातीचा ठिपका. पापण्यांवरचे धागे काढत धनसिंग पुटपुटला, “कुणाचं घर?”

“माझ्या राखणदाराचं. रात्री पतंग येतात, वांग्यांवर अंडी घालतात, मग अळ्या पडतात. कोळी त्या पतंगांना वाटेतच गाठतो.”

“त्यापेक्षा पावडर टाका! मी माझ्या वांग्यांसाठी बाजारातून आणलीय. सगळं साफ.”

“सगळं? मग तुम्हीही जपून राहा हं...” ती म्हणाली आणि खुदकन हसली.

धुळ्याच्या कचेरीत नुकताच लागलेला हा कारकून त्या हसण्यावर पार विरघळला. त्यानंतर त्याचे कपडे रोजच उडू लागले, वारा असो वा नसो.

चंपाषष्ठी जवळ आली. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं त्या दिवशी भरीत होऊन खंडोबाच्या नैवेद्याला जायचं आणि पाहुण्यांनी घर भरायचं. कुंदाच्या आईने, भिकुबाईने, फर्मान काढलं, “कुंदे, पाव्हना येवाना पहिले बठ्ठा जाळा झाडी टाक. लोक काय म्हनतीन!”

सगळी जाळी झाडून टाकायची? कुंदा कळवळली. पावसाळाभर जिवापाड जपलेले कोळी! “आई, भरितापर्यंत थांब. माझ्या एका वांग्यात जरी अळी निघाली, तर मीच झाडू फिरवीन.”

कुडापलीकडून धनसिंगचा आवाज आला, “आणि माझ्या वांग्यांत निघाली, तर तुम्ही मागाल ते देईन!”

“बघा हं... मी भलतंच काही मागेन.”

“मागा तर खरं!”

चंपाषष्ठीला चाळीसगावहून धनसिंगची आईही आली. दोन्ही घरची वांगी कपाशीच्या काड्यांच्या एकाच जाळावर भाजली. भिकुबाई सोलायला बसल्या. धनसिंगच्या पहिल्याच वांग्यात चांगली जाडजूड अळी निघाली. मग कुंदाची टोपली पुढे आली आणि ती आईच्या बोटांवर नजर रोखून बसली. भिकुबाई सोलत गेल्या, शोधत गेल्या... टोपली रिकामी झाली, पण अळी काही सापडली नाही.

“ऱ्हाऊ दे तुना कोळी,” शेवटी त्या म्हणाल्या, आणि कुंदाने आनंदाने टाळीच वाजवली.

धनसिंग कुडापाशी येऊन उभा राहिला. “हरलो. मागा आता.”

“पहिलं म्हणजे ती पावडर बंद.”

“केली. आणि?”

“माझे काही कोळी तुमच्या परसात येतील...” ती थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “त्यांच्यामागून मीही येईन. पण रीतसर मागणी घातलीत तरच.”

धनसिंगने मागे वळून चारचौघांत हाक मारली, “आई! चांगलं लुगडं नेस. शेजारी जायचंय — पुढच्या दाराने!”

सगळे वळून पाहू लागले. कुंदा मात्र आत पळाली नाही. जिंकलेली होती ती. मान वर करून तिथेच उभी राहिली.