उष्णगणकाला दिसलेला साप

"तीन वर्षांत एकही चिचुंद्री नाही. उष्णगणक यंत्राचा निकाल आहे. सही करा नीमाताई, उद्यापासून खाण सुरू!" खाणकंपनीचे पाटणकर म्हणाले.

टांझानियातल्या डोंगररानातल्या त्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी कागद पुढे सरकवला. पुण्यात शिकलेल्या डॉ. नीमा कागदाकडे बघत राहिल्या. ही चिचुंद्री जगात फक्त याच रानात. सारखं खात राहिली तरच जगणारी. झाडं गेली, किडे गेले, की तीही गेली.

सुट्टीत शिकायला आलेली सोळा वर्षांची ईश्वरी घोरपडे मात्र पडद्याला नाक लावून नोंदी चाळत होती. "ताई, हे यंत्र नेमकं बघतं काय?"

"फक्त अंगाची ऊब. भोवतालपेक्षा गरम असेल तेच टिपतं आणि आकारावरून नाव देतं."

"मग यात एकेचाळीस वेळा साप कसा? या दाट सावलीत साप जमिनीइतकाच गार! यंत्राला तो दिसायलाच नको!"

नीमाताई ताडकन उठल्या. चित्र मोठं केलं. वीतभर लांबीचा, वळवळणारा, उबदार पट्टा.

"अगं, ही तर माळ! पुढे आई. तिला शेपटीपाशी दातांनी धरून पहिलं पिल्लू, त्याला धरून दुसरं... एकटी ती पाचोळ्याखालूनच फिरते, पिल्लं नेतानाच अशी उघड्यावर येते."

"म्हणजे आहेत! चांगल्या लेकुरवाळ्या आहेत!"

पाटणकर हसले. "छान हं. पण गणनेचा करार वाच, पोरी. यंत्राने दिलेलं नाव अंतिम. माणसाने बदलायचं नाही. साप म्हणजे साप."

"हे कलम कुणी घातलं?" ईश्वरीने विचारलं.

"आम्हीच. शास्त्रज्ञांना भावना आवरत नाहीत ना!"

ईश्वरीची कानशिलं तापली. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी ती आपणच का, असं पुढचं बोलताना तिला क्षणभर वाटून गेलं.

"बरं काका, साप तर साप. मग तुमच्या यंत्राने गरम रक्ताचा साप शोधलाय, जगात कुठेच नसलेला! ताई, नवी जात सापडली तर कायदा काय म्हणतो?"

नीमाताईंचा चेहरा हळूहळू उजळला. "अभ्यास पुरा होईपर्यंत पानालाही हात लावायचा नाही."

"अहो, असा साप असतो का कुठे?" पाटणकर ओरडले. "सरळसरळ चिचुंद्री आहे ती!"

ईश्वरीने कळफलक पुढे ओढला.

"सांगा ना काका, काय टाइप करू? साप, की चिचुंद्री?"