भिंत भिजेपर्यंत

मे महिन्यातली दुपार. ऋषी पहिली पाळी संपवून नागपूरबाहेरच्या हिंगण्याच्या कारखान्यातून आला होता आणि डोळ्यांवर ओला पंचा टाकून नुकताच आडवा झाला होता. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. खर्र... खर्र... थांबला. पुन्हा खर्र.

घरमालकीण यमुताईंच्या गच्चीवर दोनच खोल्या. एकीत ऋषी राहायचा, दुसरी बरेच दिवस रिकामी होती. मधली भिंत एकच. म्हणजे पलीकडे कोणीतरी राहायला आलं होतं. त्यानं पडल्या पडल्या भिंतीवर दोनदा टकटक केली... आता पुरे, या अर्थानं. पलीकडून तितकीच टकटक परत आली आणि खरवडणं दुप्पट जोरानं सुरू झालं.

तो वैतागून दाराशी आला, तर गच्चीवरून पाण्याचा ओघळ येत होता. त्यात हिरवे-पिवळे कागदाचे कपटे तरंगत होते आणि सगळं पाणी त्याच्या कंपनीच्या बुटांत शिरत होतं.

शेजारच्या दारात एक मुलगी उभी होती. ओढणी डोक्याला घट्ट बांधलेली, एका हातात रिकामी बादली, दुसऱ्या हातात स्वयंपाकातलं उलथणं. पापण्यांवर चुन्याची पांढरी भुकटी बसली होती. तिनं आधी त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुमच्या बुटात धबधबा आला वाटते," ती म्हणाली.

तो खरोखरच धबधबा होता. यमुताईंच्या नवऱ्यानं बऱ्याच वर्षांपूर्वी हौसेनं त्या खोलीच्या पुऱ्या भिंतीवर चित्राचा कागद चिकटवून घेतला होता. पिवळ्या पानांचं जंगल, मधे धबधबा, त्यावर लाकडी पूल. त्या काळी आळीतली माणसं ती भिंत बघायला यायची. आता कागद खालून फुगला होता आणि त्यामागं पाली राहायच्या. यमुताईंनी नव्या भाडेकरणीला सांगून टाकलं होतं, काढायचा तर खुशाल काढ, पण भिंतीले खड्डे पाडू नको.

खड्डा पडलाच होता. जंगलाच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढं प्लास्टर निघून आतली वीट दिसत होती.

"आणि माझी झोप गेली ती?" ऋषीनं विचारलं.

"झोप मी नाई नेली जी. टकटक तुम्हीच केली. मले वाटलं, शेजारी ओळख करून राहिले."

त्याला हसू आलं. मग रागावणं राहूनच गेलं.

तिचं नाव दामिनी. काटोलकडच्या एका गावातली. घरी संत्र्याचा बगीचा होता, आणि ती इथं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागली होती. ऋषी गुहागरचा. दिवाळीनंतर नागपुरात आला होता, हा त्याचा इथला पहिला उन्हाळा. कंपनीचा एक कारखाना कोकणातही होता आणि तिथं बदली मिळावी म्हणून आल्या दिवसापासून तो साहेबांच्या मागं लागला होता. ती आता मिळाली होती. महिनाअखेर तो खोली सोडणार होता. हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, तिनंही सहज ऐकलं. तेव्हा त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

कागद मात्र ऐकत नव्हता. वरचा चकचकीत पापुद्रा निघून यायचा, पण खालचा कागद जुन्या गोंदानं भिंतीला असा धरून बसला होता की ओढला तर प्लास्टर घेऊनच यायचा. गोंद भिजायला हवा. आणि नागपूरच्या मेमध्ये भिंतीवर मारलेलं पाणी हात खाली घेईपर्यंत वाळून जातं. साबणाचं कोमट पाणी मारून झालं, ओल्या चादरी लावून झाल्या. दोन बोटं कागद निघाला.

दुसऱ्या दिवशी ऋषी खरवडायला रंगाऱ्याची पत्री घेऊन आला, आणि उकाड्यात काम कसं करायचं म्हणून आपला नवा कूलरही ओढत आणला. दामिनी तेवढ्यात बादली आणायला खाली गेली होती. तिला यमुताईंनी बोलण्यात अडकवलं. त्यानं कूलर दारात लावला, चालू केला, आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही खिडक्या नीट लावून घेतल्या.

ती वर आली, तर खोलीचं इडलीपात्र झालेलं. ऋषी मधोमध मांडी घालून बसला होता, घामानं निथळत, शहाण्या मुलासारखा गप्प.

"खिडक्या काहून लावल्या?"

"गार हवा आत राहावी म्हणून."

ती उंबऱ्यावरच बसली. हसता हसता तिला बोलता येईना. "कूलरले खिडकी उघडी लागते गा... आतली हवा बाहेर गेली नाही, तं बाहेरची येईन कुठून?"

"मी पंधरा-वीस दिवस असाच झोपतोय," तो म्हणाला. "मला वाटलं, नागपूर असंच असतं."

यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ओढणीनं ते पुसताना तिला मऊसा आवाज ऐकू आला. कोंडलेल्या वाफेनं गोंद भिजून धबधब्यावरचा लाकडी पूल भिंतीपासून सुटला होता आणि हळूच वाकला होता. तिनं जवळ जाऊन त्याचं टोक धरलं. ओढावं लागलंच नाही. ओल्या सालीसारखा तो हातात आला, आणि मागं फिकट निळ्या चुन्याची गुळगुळीत भिंत दिसली. तिनं तिच्यावर तळहात ठेवला.

"गार आहे," ती हळूच म्हणाली. "बघा."

त्यानंही हात ठेवला. तिच्या हातापासून थोडा लांब.

मग रोज संध्याकाळचं तेच झालं. ती लॅबमधून आली की भिंतीला पाणी मारायचं, खिडक्या लावायच्या, दारात कूलर सुरू करायचा आणि गोंद भिजेपर्यंत बाहेर टाकीच्या सावलीत बसून राहायचं. करण्यासारखं काहीच नसायचं, म्हणून बोलायचं. तो गुहागरच्या घरच्या ओलीबद्दल सांगायचा, तिथं श्रावणात काडेपेटीसुद्धा पेटत नाही म्हणून. ती सांगायची, बहार धरायचा असला की संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात, पानं सुकवतात आणि मग पाणी देतात... मग सगळी झाडं एकदमच फुलतात आणि वासानं डोकं जड होते.

"आधी तहान लावायची?" त्यानं विचारलं.

"हो."

तो तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. तिनं पायाशी पडलेला कागदाचा कपटा उचलला आणि घड्या घालत बसली.

अहो-जाहो कधी सुटलं, दोघांनाही कळलं नाही. एकदा पत्री निसटून तिच्या बोटाला लागली, तर दिवसभर लोकांचं रक्त तपासणारी ती स्वतःचं बोट बघून पांढरी पडली. त्यानं बोट नळाखाली धरलं. रक्त थांबलं, तरी हात काही वेळ नळाखालीच राहिला. खालून यमुताई ओरडल्या की वर टाकी रिकामी करून राहिले काय.

काम संथ झालं होतं. आधी रोज हातभर निघणारी भिंत आता वीतभर निघे. दामिनी उठली की ऋषी आत डोकावून म्हणे, "अजून भिजलं नाही." ती पुन्हा बसे. एकदा तिनं आत पाहिलं होतं. कागद आपणहून सुटून लोंबत होता, आणि तरी तो म्हणाला होता, भिजलं नाही. त्या संध्याकाळी ती मनातल्या मनात खूप हसली होती.

यमुताई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "एवढ्या दिवसांत तं घर बांधून होते वं. तुमची एक भिंत होऊन नाही राहिली?"

दामिनी खाली बघून वर आली. ऋषीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पुस्तकं खोक्यात भरलेली, भिंतीवरचा आरसा काढून पलंगावर ठेवलेला. महिना सरत आला होता. तो जाईल... उरलेलं अर्धं जंगल तिच्या भिंतीवर राहील, आणि रोज रात्री झोपताना ती त्याच्याकडे बघत पडेल. तो काही बोलला नव्हता. तिनंही विचारलं नव्हतं. दोघंही भिंतीच्या आडोशाला बसून होते.

शनिवारी ती लॅबमधून लवकर निघाली. पाणी मारलं, खिडक्या लावल्या, कूलर लावला. बाहेर बसली नाही. त्या दमट वाफेत एकटीच स्टुलावर उभी राहून पट्टीमागून पट्टी काढत गेली. ऋषी आला तेव्हा जंगल जमिनीवर पडलं होतं. भिंत निळी, मोकळी.

तो दारातच थांबला. "मला हाक मारायचीस. पलीकडंच होतो ना."

"भिंत झाली," ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. केस कपाळाला चिकटले होते. "आता भिंतीसाठी थांबू नको. अजून भिजलं नाही, असं म्हणायले काही उरलं नाही. दुसऱ्या कशासाठी थांबायचं असंल... तं तोंडानं सांग. नसंल तं सुखानं जा. मी रागावणार नाही."

तो वळला आणि आपल्या खोलीत गेला.

दामिनी स्टुलावरून उतरली. खाली बसून ओला कागद गोळा करू लागली. पिवळी पानं, पाणी, पुलाचा एक खांब... सगळं एकाच गोळ्यात. तिनं गोळा आणखी घट्ट दाबला.

पावलं परत आली. ऋषीच्या हातात पुट्टीची पिशवी होती.

"खड्डे बुजवायला हवेत," तो म्हणाला. "पहिला हात वाळायला एक दिवस. मग घासायचं, मग दुसरा हात. मग रंग..."

"ऋषी, आता बहाणे नको गा."

"बहाणा नाही." त्यानं पिशवी खाली ठेवली आणि तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "बुधवारीच साहेबांना सांगितलं, बदली नको. कालपर्यंत त्यांनी ताटकळत ठेवलं, काल हो म्हणाले. तुला आज सांगणार होतो... रोज सांगणार होतो. तू नाही म्हणालीस तर काय, म्हणून भिंत लांबवत होतो. खोकी बांधली होती, ती आज सोडतो." तो थांबला. "मला तुझ्यासाठी थांबायचंय, दामिनी. पुट्टी मात्र खरंच लागते."

ती हसली की रडली, तिलाच समजलं नाही. मग तिनं विचारलं, "घरी काय म्हणले?"

"थोरला भाऊ, गौरांगदादा, म्हणाला, वेडा झालास. आईनं विचारलं, मुलगी कोण? मी भिंतीचं सगळं सांगितलं."

"मग?"

"म्हणाली, हाती घेतलीस तर नीट पुरी कर. आणि गणपतीला येशील तेव्हा तिला विचारून आण, ओढून नको."

दामिनीनं कागदाचा गोळा बादलीत टाकला. चुन्याचा हात तसाच पुढं केला. त्यानं तो धरला. खोलीत वाफ साचली होती, दोघंही निथळत होते, आणि कूलर नुसता घरघरत होता.

"मग आता काय करायचं?" ती म्हणाली.

ऋषी उठला. तिचा हात न सोडता खिडकीपाशी गेला, आणि त्यानं दोन्ही झडपा उघडल्या. कोंडलेली वाफ बाहेर पडली. मागून, दारातून, पहिल्यांदाच गार वारा आत आला.