आद्यगुरूंचा सुळा

"मावशी, हे लोक खरंच रक्त पितात का गं?" लिफ्टमध्ये गौरांगने हळूच विचारलं.

"बीट-डाळिंबाचं सरबत पितात. तेही स्ट्रॉने," यमुताई म्हणाल्या. "वेदिकाने फोनवर सांगितलं."

गौरांगचा जीव भांड्यात पडला. यमुताईंनी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर रामदासपेठेत 'खाजगी तपास' अशी पाटी लावली. त्यांचा भाचा गौरांग विम्याची कामं सांभाळून त्यांची गाडी चालवायचा आणि दर प्रकरणात पहिल्या पाच मिनिटांत चुकीच्या माणसावर बोट ठेवायचा.

हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरचं दार बंद होतं. आतून हाक आली, "यमुताई, या." मग पुन्हा, आणि पुन्हा. निशाव्रती व्हॅम्पायर समाजाचा तसा नियमच होता. तीनदा नावाने बोलावल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही.

आत भर दुपारी रात्र होती. खिडक्यांवर काळी मखमल, झुंबरं, शंभरेक मेणबत्त्या, कामठीहून आलेले व्हायोलिनवाले आणि मखमली झगे घातलेले साठ जण. वर्षातून एकदा दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत उन्हापासून लपून नाचायचं, असं हे व्रत. सूर्यास्ताआधी बाहेर पडायला बंदी. एरवी ही मंडळी कारकून, प्राध्यापक, औषधवाले होती.

समाजाची सचिव वेदिका पेशाने वकील. तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीपर्यंत लाल रेषा ओढलेली होती.

"आद्यगुरूंचा सुळा गेला," ती म्हणाली. "तयारीच्या खोलीत चांदीच्या करंड्यात होता. सुळा ज्याच्याकडे, तो आचार्य. आज आचार्य कृष्णकांतजी तो माझ्या हाती देणार होते."

"झडती?"

"सगळ्यांची घेतली. झगे, पर्स, चपलासुद्धा. प्रेमिलाची तर दोनदा."

प्रेमिला हॉटेलची सफाईवाली. स्वयंपाकघराकडच्या दाराशी ती हात बांधून उभी होती. अकरा वर्षं कंत्राटावर राबल्यावर सोमवारी तिला कायम करायचा कागद निघायचा होता. आता मॅनेजरने बजावलं होतं, सूर्यास्तापर्यंत सुळा मिळाला नाही तर पोलीस. सूर्यास्त पाच पस्तीसला होता आणि घड्याळात सव्वाचार वाजले होते.

यमुताई तिला तयारीच्या खोलीत घेऊन गेल्या. टेबलावर रिकामा करंडा, लाल रंगाची वाटी, पेस्टची ट्यूब. भिंतीत भलामोठा आरसा आणि त्याखाली पडलेलं काळं कापड.

"सांग वं, न घाबरता."

"ताई, मी दाराशी स्टुलावर बसून होती. तीन वाजता पयला डान्स सुरू झाला अन् तिकडे सरबत सांडलं, म्हणून मले बलावलं. धा मिनिटांत वापस आली तं करंडा उघडा, अन् हे कापड खाली. बाकीचे आरशे सकाळी काढून नेले. हा भिंतीतला, म्हणून मीच चार पिना मारून झाकला होता."

"मग तुझ्यावरच आळ काहून?"

"म्हणतात, आमच्यातलं कोणी आज आरशापुढे जातच नाही. म्हणजे मीच पाह्यलं म्हणे आपलं थोबाड." तिचे डोळे भरून आले. "थ्या उंच खुर्चीवरच्या मोठ्या साहेबानं सगळ्यांसमोर तीनदा म्हटलं, चोर, चोर, चोर."

गौरांगला तिची फार दया आली. त्याच भरात त्याने गुन्हेगारही ठरवून टाकला. उपाचार्य प्रेमानंद. कन्हानचा मंडपवाला, बारा वर्षं आचार्यपदाची वाट पाहणारा.

"राग आला, खोटं काहून बोलू?" प्रेमानंद स्ट्रॉने सरबत ओढत म्हणाला. "पद मले पायजे होतं, देऊन राहिले पोरीले. पण पयला डान्स मी वेदिकासंगच केला. तिच्या पायावर तीनदा पाय देल्ला, साऱ्यांनी पाह्यलं."

"स्ट्रॉ कशाला?" यमुताईंनी विचारलं.

"सुळे प्लास्टिकचे हायेत. कवळीच्या पेस्टनं चिकटवतो. ग्लास तोंडाले लावला का निघून येतात."

"आणि ही रेषा?"

"बारा वाजता आचार्य सगळ्यांची काढतात. हृदयाच्या बाजूनं. त्यांची तेवढी वेदिका काढते." बोलता बोलता त्याने हनुवटी खाजवली आणि वाळलेल्या रंगाचा पोपडा झग्यावर पडला.

आचार्य कृष्णकांत उंच खुर्चीवर बसले होते. निवृत्त प्राध्यापक, पांढरी दाढी नीट कातरलेली. त्यांचा उजवा गाल मेणबत्त्यांकडे होता आणि त्या बाजूची रेषा ओली चमकत होती. रुमालाने ते ओघळ टिपत होते. वेटरने सरबत पुढे केलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"मागच्या वर्षी चार गिलास घेतले होते," प्रेमानंद पुटपुटला.

"पहिल्या नृत्याच्या वेळी कुठे होतात?" यमुताईंनी विचारलं.

"इथेच. या कोपऱ्यात डोळे मिटून जप करत होतो."

"आणि आरसा?"

"या दिवशी? बारा वर्षांत पाहिलेला नाही." त्यांनी मान ताठ केली. "म्हणून तर म्हणतो, ती बाईच. व्रत पाळणारा माणूस आरशापुढे जाईलच कशाला?"

"बरोबर विचारलंत," यमुताई म्हणाल्या. "अगदी हेच मलाही विचारायचं होतं."

पाच वाजून वीस मिनिटांनी त्यांनी व्हायोलिन थांबवायला सांगितलं. साठ जण भोवती जमले.

"आरसा उघडा दिसला म्हणून तुम्ही बाहेरचा माणूस धरलात. पण करंडा उघडून सुळा पदरात टाकायला आरसा कशाला लागतो? चोराला स्वतःच्या चेहऱ्यावर काहीतरी करायचं होतं. तुम्ही झगे पाहिलेत, चपला पाहिल्यात. दात लपवायची सगळ्यात सोपी जागा मात्र कुणी पाहिली नाही."

साठ जणांनी नकळत तोंडं मिटली.

"प्लास्टिकचा सुळा काढायचा आणि त्या जागी गुरूंचा सुळा पेस्टने बसवायचा. हे चाचपडत जमत नाही. शिवाय त्या खटपटीत हनुवटीवरची रेषा पुसली जाते. तशीच पुसून बाहेर आलं तर सगळे विचारणार. टेबलावर रंग होताच. रेषा पुन्हा काढली, आरशात पाहून. गौरांग, वेदिकाची रेषा कुठल्या बाजूला आहे?"

"डाव्या."

"प्रेमानंदची?"

"डाव्या."

"आचार्यांची?"

गौरांगने पाहिलं. त्या ओल्या रेषेकडे तो मघाशी चांगली दहा मिनिटं बघत बसला होता. "उजव्या," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

"मी... मी डावीकडेच काढली होती," वेदिका म्हणाली.

"बारा वर्षं आचार्य समोरच्या चेहऱ्यावर रेषा काढतायत. समोरच्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. आज आरशात समोर चेहरा आला आणि हात सवयीने तिकडेच गेला. या रेषेसकट आपला चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, मग चूक कळणार कशी? मंद उजेडात तुम्हीही रंग पाहिलात, बाजू पाहिली नाहीत. तुमच्या रेषा दुपारीच वाळल्या, त्यांची तीननंतर घाईत जाड ओढलेली, म्हणून अजून ओली आहे. आणि सरबत ते घेत नाहीत, कारण घाईत चिकटवलेला सुळा स्ट्रॉनेही सैल होईल. आचार्य, तोंड उघडता का?"

कृष्णकांतांनी रुमाल खाली ठेवला. मग दोन बोटं तोंडात घातली आणि तळहातावर एक पिवळट सुळा ठेवला.

"उद्यापासून मला कोण विचारणार होतं?" ते म्हणाले. "घरी मी नुसता टीव्हीसमोरचा म्हातारा."

"दुःख खरं आहे तुमचं," यमुताई म्हणाल्या. "पण ते प्रेमिलाच्या माथी मारलंत."

पाच पस्तीसला दार उघडलं. सुळा मिळताच प्रेमिला मागच्या वाटेने बादली घेऊन निघाली होती, ती समोर व्हरांड्यात उभी दिसली. शेजारी मॅनेजर. सगळं ऐकून तो खाली मान घालून म्हणाला, सोमवारी कागद निघेल.

वेदिका उंबऱ्याशी गेली. "प्रेमिलाताई, या. प्रेमिलाताई, या. प्रेमिलाताई, या."

प्रेमिला हलली नाही.

"येते जी. पण थ्या साहेबानं चोर तीनदा म्हटलं. वापस बी तीनदाच घ्या लागते."

कृष्णकांत खुर्चीवरून उतरले आणि साठ जणांमधून वाट काढत दाराशी आले.

"प्रेमिलाताई चोर नाहीत," ते म्हणाले. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना उजवीकडची रेषा डोळ्यांतल्या पाण्याबरोबर दाढीत उतरली.

प्रेमिलाने बादली बाहेरच ठेवली. पदर नीट केला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा पुढच्या दाराने ती त्या हॉलमध्ये आली.