शनिवारचा विस्तव

फ्रूमा झेल्किनच्या घरात शनिवारी चूल पेटायची, पण ती पेटवायला फ्रूमा उठायची नाही. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागला. मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत काडी ओढायची नाही, ही तिच्या आज्यापणज्यांची रीत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टॅलो क्रीक गावात ज्यूंचं घर एवढं एकच, आणि जानेवारीतल्या थंडीला काही शब्बाथ कळत नाही. म्हणून शनिवारी सकाळी सहाला शेजारचा लूशस टल मागच्या दारानं यायचा, लोखंडी चुलीत पाइनचे तीन ओंडके रचायचा, काडी लावायचा, किटली चढवायचा आणि टेबलावर कापडात बांधून ठेवलेला, वेणीसारखे पेड घातलेला पाव घेऊन जायचा. वीस वर्षं हे चाललं होतं.

लूशस कापसाची सरकी काढायच्या जिनात भट्टीवर कामाला होता. त्याची बायको ऑर्फा गोऱ्यांचे कपडे धुवायची आणि त्यांच्याबद्दल बोलताना हातचं काही राखायची नाही.

"तुमचा देव मोठा चैनी, फ्रूमाबाई," ती कुंपणावरून म्हणायची. "आठवड्यातून एक दिवस काडीसुद्धा ओढू देत नाही. आमचा बघा, रविवारी तीन तास उभं करून गाऊन घेतो."

"मग ये की आमच्यात."

"नको बाई. ही कातडी आहे तेवढं संकट पुरे मला."

फ्रूमाचा नवरा मेंडेल गेला तेव्हा खड्डा लूशसनं खणला. ऑर्फानं कुणी न सांगता घरातले आरसे चादरींनी झाकले. "मयताच्या घरात आमच्यातही झाकतात," एवढंच म्हणाली. गावात एकट्या मेंडेलच्या कापडदुकानात काळ्या माणसाला टोपी डोक्यावर घालून बघता यायची. या शेजाराला मैत्री असं नाव कुणी दिलं नव्हतं. एका घरातलं मीठ संपलं की दुसऱ्या घरातून यायचं, इतकंच.

त्या वर्षी, म्हणजे १९२१ साली, जानेवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी जिनाचा मुकादम स्ट्रिकलंड यानं लूशसवर चाबूक उगारला, आणि लूशसनं तो हवेतच धरला. मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त धरला. दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली, आणि गावातले गोरे पुरुष कामं सोडून रस्त्यावर आले.

सूर्य टेकला तेव्हा फ्रूमानं दोन मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. हात काढले तोच मागच्या दारावर थाप पडली.

"फ्रूमाबाई, मी लूशस. दार उघडा."

ती दारापाशी गेली. कडीवर हात ठेवला. लांबून कुत्री येत होती, त्यांच्यामागून बूट. पुन्हा थाप पडली.

"बाई, लवकर."

"शब्बाथ आहे," ती पुटपुटली. "शब्बाथ आहे."

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कडी काढणं शब्बाथला मना नाही. आणि जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचा, मोडायलाच हवा, हे तिच्या धर्मातलं शेंबडं पोरही सांगेल. फ्रूमाला ते पाठ होतं. ती घाबरली होती, आणि भीतीला तिनं देवाचं नाव दिलं.

तिसरी थाप फार हलकी होती. मग पहिला घाव बसला. ओला ओंडका फुटावा तसा आवाज झाला. दात दारावर येऊन आपटले. स्ट्रिकलंडचा आवाज तिनं ओळखला, न्हावी पेग्रमचं हसू ओळखलं. बर्फवाला मॅब्री धापा टाकत म्हणाला, "हाताला लागतोय चिकट. माझे बर्फाचे आकडे आणा, त्यांनी ओढू." कुऱ्हाडीचा दांडा पडत राहिला. दाराखालून रक्त आलं आणि तिच्या सपातेला लागलं. बाहेरचा माणूस अजून श्वास घेत होता. ते ऐकू येत होतं.

"भट्टीत घाला," स्ट्रिकलंड म्हणाला. "त्याचीच भट्टी आहे."

फ्रूमा मेणबत्त्या विझेपर्यंत कडी धरून उभी होती.

सकाळी तिला ऊब लागून जाग आली. चूल पेटलेली होती. किटली वाजत होती. मागच्या दाराची कडी आतून होती तशीच लागलेली होती, आणि टेबलावरचा पाव कापडासकट गेला होता.

आपणच झोपेत पेटवली असेल, असं तिनं मनाला समजावलं. मग गुडघ्यांवर बसून तिनं दाराखालची फरशी घासून काढली. त्या कामाला शब्बाथ आडवा आला नाही.

दुपारी ऑर्फा आली. डोळे सुजलेले, ओला एप्रन तसाच.

"लूशस आला होता तुमच्याकडे?"

"नाही गं."

"सगळे म्हणतात, शिकागोच्या गाडीत बसला."

"बसला असेल."

"मला न सांगता?" ऑर्फा म्हणाली. "हा माणूस परसाकडे जाताना सांगून जातो."

ऑर्फा थोडा वेळ धुतलेल्या फरशीकडे बघत उभी राहिली आणि गेली.

संध्याकाळी बातमी आली. स्ट्रिकलंड सकाळी न्याहारीला बसल्या जागी मेला होता. छाती आतून जळून कोळसा झाली होती. सदऱ्याची इस्त्री मोडली नव्हती, खुर्चीला डाग नव्हता. डॉक्टरनं कागदावर हृदयविकार लिहिलं आणि घरी जाऊन दारू प्यायला.

पुढच्या शुक्रवारी फ्रूमानं घरात एकही ओंडका ठेवला नाही. सकाळी चूल लाल झाली होती. तिनं झाकण उघडून बघितलं. आत लाकूड नव्हतं, राख नव्हती. नुसता जाळ होता. त्याच सकाळी पेग्रम आपल्या दुकानातल्या खुर्चीत सापडला. तोंडातून धूर येत होता, आणि गळ्याभोवतीचं कापड पांढरंशुभ्र होतं.

तिसऱ्या शनिवारी मॅब्री. तो बर्फाच्या गाडीत, लाद्यांच्या मधे पडला होता. बरगड्यांच्या आत निखारे धुमसत होते. शेजारच्या लादीवरून पाण्याचा थेंब ओघळला नव्हता.

गाव कुजबुजलं. पण मोठ्यानं बोलायचं तर त्या शुक्रवारबद्दलही बोलावं लागलं असतं, म्हणून गाव मूग गिळून बसलं. ऑर्फा मात्र रोज टपालकचेरीत जाऊन शिकागोचं पत्र विचारायची. रोज लूशसचा कोट झटकून खुंटीला लावायची. पुरायला मूठभर राख तिच्या वाट्याला आली नव्हती, आणि ती राख कुठे आहे हे फ्रूमाला माहीत होतं.

चौथ्या शुक्रवारी, ऊन असतानाच, फ्रूमा कुंपण ओलांडून गेली. तिला पश्चात्ताप झाला होता म्हणावं, तर तो तीन आठवडे कुठे होता? ती घाबरून गेली होती. पण गेली.

ऑर्फा चादरी पिळत होती.

"तो आला होता," फ्रूमा म्हणाली. "माझ्या दारात. तिघांनी मारलं त्याला. जिनाच्या भट्टीत टाकला."

ऑर्फाच्या हातातली चादर पाण्यात पडली. ती टोपाच्या काठावर बसली. ओरडेल, असं फ्रूमाला वाटलं. पण तिनं विचारलं,

"हाक मारली त्यानं?"

"मारली."

"किती वेळा?"

"थापा तीन. हाका दोन."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"दारापाशी. कडीवर हात ठेवून."

"तिघंही मेल्यावर आठवलं तुम्हाला." ऑर्फानं हात पुसले. "एक सांगा. शब्बाथला माणूस वाचवायला दार उघडायची परवानगी नसते?"

फ्रूमाला खोटं बोलता आलं असतं. त्या बाईला कुठे धर्मग्रंथ वाचता येत होते!

"असते," ती म्हणाली. "आज्ञाच आहे तशी."

ऑर्फा उठली. तिनं खुंटीवरचा लूशसचा कोट घेतला, आणि राख आणायला जिनाकडे निघाली. फाटकापाशी थांबली.

"माझ्या नवऱ्यानं वीस वर्षं तुमचा विस्तव पेटवला, फ्रूमाबाई. त्याच्या जिवावर बेतलं तेव्हा तुम्ही काय केलंत, ते आता तुम्ही सांगितलंत. घरी जा."

त्या रात्री फ्रूमानं मागच्या दाराची कडी लावली नाही.

सकाळी ती उठली. किटली वाजत नव्हती.

चूल गार होती. तिनं लोखंडावर तळहात ठेवला. बर्फासारखं गार. दाराबाहेर पायरीवर दहिवर गोठलं होतं, त्यावर एकही पाऊल नव्हतं.

सुटले, असं तिला वाटलं. ती रडली. मोठ्यानं, पोरीसारखी.

रडून घसा सुकला. तिनं घागरीतून पेलाभर गार पाणी घेतलं आणि खिडकीशी बसली. काचेला आतून बर्फाची नक्षी धरली होती. शाल पलंगावरच राहिली होती, पण उठायची गरज वाटेना. पाठ उबदार होती, बोटं उबदार होती. मेंडेल गेल्यापासून इतकं बरं तिला वाटलं नव्हतं.

तिच्या हातातल्या पेल्यात तळापासून बारीक बुडबुडे यायला लागले.